पाय कोणीकडे करायचे

काळ्या जमिनीत तंबू ठोकायचा असेल तर आधी चप्पल काढावी लागते. अनवाणी टाच मारून बघायची. टाच टक्कन वाजली तर खुंटी अर्ध्यावर जाऊन वाकते. टाच रुतली तर खुंटी सहज आत जाते आणि रात्रीच्या वाऱ्यात तितक्याच सहज बाहेर येते. आणि टाचेखाली काहीच लागलं नाही, तर आपला पाय भेगेत गेलेला असतो. माघात वऱ्हाडातल्या वावरात बहुतेक वेळा हे तिसरंच होतं.

मी गेली सहा वर्षं भातकुलीहून शेगावला पायी जाणाऱ्या एका मंडळाचे तंबू लावते. या अंकासाठी लिहा म्हणून ज्या ताईंचा फोन आला, त्यांनी विचारलं, "थरारक अनुभव असतील ना?" मी हो म्हणाले. नाही म्हणायला जास्त बोलावं लागतं. आता लिहायला बसल्यावर आठवतंय ते एवढंच, की माझ्या कामातला पहिला मोठा प्रश्न वाऱ्याचा नव्हता, पावसाचा नव्हता, साप-विंचवाचाही नव्हता. माणसाने झोपताना पाय कोणीकडे करायचे, हा होता.

आमचं भातकुलीत बिछायत केंद्र आहे. बाकी महाराष्ट्रात ज्याला मंडपवाले म्हणतात, त्याला आमच्याकडे बिछायत म्हणतात. जाजम, गाद्या, खुर्च्या, स्वयंपाकाचे गंज, बांबू, कनाती, सगळं भाड्याने मिळतं. बाबांनी मला मात्र अमरावतीच्या इंग्रजी शाळेत घातलं. तिथे मी 'तळ्याकाठी तंबूत काढलेली एक रात्र' असा निबंध इंग्रजीत लिहून बक्षीस मिळवलं होतं. तळं मी पाहिलं नव्हतं आणि ती रात्र मी घरीच काढली होती. त्या शाळेने मला दोन गोष्टी दिल्या. एक, छान अक्षर. दुसरी, माणसांशी बोलताना आधी मनात वाक्य जुळवायची सवय. वाक्य जुळेपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असतो.

सहा वर्षांपूर्वी बाबांचा गुडघा गेला. शिडीवर चढणं बंद झालं. त्या वर्षी पदयात्रेच्या आधी त्यांनी मला गोदामात बोलावलं.

"हे एक काम तू एकटीनं करून दाखव. नारळ आणला तं सामान ठेवू. नाई आणला तं देऊन टाकू. मूर्तिजापूरचा एक माणूस विचारूनच राहिला हाय."

नारळाचं असं आहे. या मंडळाची पद्धत आहे की शेवटच्या मुक्कामावर, आरतीनंतर, मंडळाचे प्रमुख आचाऱ्याला एक आणि तंबूवाल्याला एक नारळ देतात. नारळ मिळाला म्हणजे पुढच्या वर्षीचं बोलावणं पक्कं. तो नारळ वर्षभर सांभाळायचा आणि पुढच्या वर्षी पहिल्या मुक्कामावर आणून तिथे फोडायचा. नारळ नाही मिळाला तर कोणी काही बोलत नाही. पुढच्या माघात फोन येत नाही, एवढंच. बाबांना अठरा वर्षं नारळ मिळाला होता. बिछायतीचं बाकी काम लग्नाच्या तिथींवर चालतं. बाबा मात्र स्वतःला 'शेगावचा तंबूवाला' म्हणवून घेत. ते सामान विकलं गेलं असतं, तर त्यांच्याजवळ दुखरा गुडघा आणि माझी प्रमाणपत्रं उरली असती.

बाबा मोठ्या राहुट्या लावत. एकेका राहुटीत वीस माणसं, मधे दोन बांबू, खाली जाजम. उभी करायला चार गडी लागत. मी हुशारी केली. मी ट्रेकिंगला वापरतात तसे गोल तंबू आणले. वीस तंबू, प्रत्येकी तीन माणसांचे. एक तंबू दहा मिनिटांत उभा राहतो आणि घडी करून काखेत मावतो. बाबांनी एक पिशवी उचलून बघितली, उलटी केली, आत डोकावले आणि विचारलं, "बाकीचा कुठी हाय?"

मी प्रत्येक तंबूला नंबर घातला. कॉम्प्युटरवर नकाशा केला. तंबू कसा लावायचा याच्या चित्रफिती मोबाइलवर पन्नास वेळा बघितल्या. त्या सगळ्यांत हिरवं गवत होतं आणि हसरी माणसं होती.

पहिला मुक्काम कुरूमजवळ. तूर काढलेलं वावर होतं. तुरीची धसकटं बोटभर वर आलेली, सुरीसारखी. तंबूला तळ असतो आणि धसकट त्या तळातून वर येतं, हे कुठल्याच फितीत नव्हतं. आमचे ड्रायव्हर रऊफचाचा आणि मी दोन तास धसकटं उपटत होतो. मग मी पहिली खुंटी ठोकली. ती एका फटक्यात गेली. मी खूश झाले. वाकून बघितलं तर खुंटी दिसेना.

"बेटी," चाचा म्हणाले, "जमीन ने खा ली."

भेगेत गेली होती. चाचांनीच मग तोड काढली. आचाऱ्याकडून रिकामी पोती आणली, त्यांत माती भरली आणि ताणाच्या दोऱ्या खुंट्यांऐवजी पोत्यांना बांधल्या. आजही मी तेच करते. मोबाइलमधली माणसं मातीचं पोतं बघून हसणं थांबवतील, पण भेगाळलेल्या जमिनीवर त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

पहाटेचा गार वारा ईशान्येकडून येतो, हे मला माहीत होतं. म्हणून मी वीसही तंबूंची दारं पश्चिमेला केली. एका रेषेत, एका अंतरावर. मी फोटो काढून बाबांना पाठवला.

चार वाजता मंडळ आलं. पुढे साहेबरावकाका. हे मंडळाचे प्रमुख, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. उंच, कमी बोलणारे, गळ्यात शिट्टी. एक शिट्टी वाजली की साठ माणसं थांबतात, दोन वाजल्या की निघतात. मुक्कामावर पोचले की ते प्रत्येकाकडे बोट करून माणसं मोजतात, जणू कोणी बिनतिकिटाचा चढलाय. त्यांच्या मागे गुंफाबाई. वय सत्तरीपुढे, चण बारकी, कमरेला तंबाखूची चंची. मंडळात प्रमुख काका असले तरी शेवटचा शब्द गुंफाबाईचा असतो, आणि बऱ्याचदा पहिलाही.

गुंफाबाईने तंबूभोवती एक फेरी मारली.

"हे काय वो पोरी? हे तं कोंबड्या झाकाचं डालगं हाय!"

मी मनात वाक्य जुळवू लागले. तोवर ती आत शिरून आडवी झाली होती. डोकं आत, पाय दाराशी. सगळे तसेच झोपतात, कारण आतून डोकं सुरक्षित वाटतं आणि पायांची धूळ दाराशी राहते. मग आतून आवाज आला.

"पोरी, शेगाव कोणीकडे?"

मी मोबाइलमध्ये बघितलं. "पश्चिमेला आहे, आजी."

"आन माहे पाय कोणीकडे हायेत?"

मी पायांकडे बघितलं. मग मोबाइलकडे. मग पुन्हा पायांकडे.

"पश्चिमेला," मी म्हणाले.

"म्हंजे महाराजाच्या तोंडाकडे माहे पाय!"

माझ्या पाठीमागे एकेक माणूस आपापल्या तंबूकडे बघत उभं राहिलं होतं. वीस तंबू, एका रेषेत, एका अंतरावर. साठ माणसं सहा दिवस चालून ज्यांच्या दर्शनाला जाणार, त्यांच्याकडे एकशे वीस पाय करून झोपतील अशी अचूक व्यवस्था मी केली होती.

मला खरंच माहीत नव्हतं. आमचं घर बौद्ध. घरात देवघर नाही. पाय कोणीकडे करून झोपायचं याबद्दल आईची एकच अट असते, की उशीवर नकोत. बाबांना अठरा वर्षांत हे कधी सांगावं लागलं नाही, कारण त्यांच्या राहुटीत मोठं जाजम होतं. प्रत्येक माणूस आपापली वळकटी आपल्याला हवी तशी टाकायचा. मोठ्या राहुटीत माणूस आपली दिशा ठरवतो. छोट्या तंबूत ती तंबू ठरवतो. इतकी साधी गोष्ट, आणि मला ती तंबू विकत घेतल्यावर कळली.

त्या दिवशी सगळे उलटे झोपले, डोकं दाराशी आणि पाय आत. सकाळी प्रत्येकाच्या कानाला मफलर होता. बाहेर जाणारा प्रत्येक जण शेजाऱ्याच्या तोंडावरून ओलांडून गेला होता.

दुसऱ्या मुक्कामाला, मूर्तिजापूरजवळ, मी सगळी दारं पूर्वेला फिरवली. आता डोकी शेगावकडे आली, पाय दाराशी आले, आणि ईशान्येचा वारा थेट आत शिरला. सकाळी मफलर कानावरून पायावर उतरलेले दिसले.

"काल कान गेले, आज पाय गेले," गुंफाबाई म्हणाली. "शेगाव येलोक काय काय ठेवशील वो बाई?"

ती माझ्याशी बोलायची, मी मान हलवायची. एकदा मी धीर करून म्हणाले, "आजी, आपल्याला काही गैरसोय झाली असल्यास कृपया सांगावे." तिने चालता चालता थांबून माझ्याकडे बघितलं आणि बाकीच्या बायांना सांगितलं, "आइका वो. पुस्तकात छापल्यावानी बोलते."

माणसं तंबूत विभागणं हाही या कामाचा एक भाग आहे, आणि त्यात घोरणाऱ्यांचा प्रश्न मोठा. मी त्या वर्षी यादी करायला गेले. प्रत्येकाला विचारलं, "आपण घोरता का?" साठांपैकी एकही घोरत नव्हता. दुसऱ्या दिवशी चाचांनी सांगितलं तसं मी प्रश्न बदलला, "तुमच्या शेजारचे घोरतात का?" पाच मिनिटांत यादी पूर्ण. त्यात साठांपैकी एकेचाळीस नावं आली. एक गृहस्थ तंबूची चेन लावू द्यायचे नाहीत. ते नोकरीत असताना तुरुंगात कुलूप-किल्लीचं काम सांभाळायचे म्हणे, आणि बंद दाराच्या आत बसायची त्यांना सवय नव्हती, फक्त बाहेर. त्यांना मी कायमचा कडेचा तंबू दिला. आजही तो त्यांच्याच नावाचा आहे.

तिसरा मुक्काम बोरगाव मंजूला शाळेच्या वऱ्हांड्यात झाला. तिथे तंबूच नव्हते, त्यामुळे सगळे खूश होते. तंबूवालीला हे बघणं फार सुखाचं नसतं.

चौथा मुक्काम अकोल्याच्या अलीकडे, एका मोकळ्या मैदानात. इथे मी जे केलं त्याबद्दल मला आजही वाईट वाटतं. मंडळी आली आणि पुन्हा वाद सुरू झाला. कोणी म्हणे दार पूर्वेला, कोणी म्हणे दक्षिणेला, कोणी म्हणे वारा बरा पण पाय नकोत. मला भांडणाच्या आवाजात उभं राहता येत नाही. मी म्हणाले, "ज्यांना जसं हवं तसं आपापला तंबू फिरवून घ्या." आणि चहाला गेले.

तंबूवाल्याने हे कधीच म्हणू नये. मी परतले तेव्हा वीस तंबू वीस दिशांना तोंड करून बसले होते, रुसल्यासारखे. लोकांनी दोऱ्या सोडून जमतील तिथे पुन्हा बांधल्या होत्या. एकाची दोरी दुसऱ्याच्या पोत्याला, दुसऱ्याची तिसऱ्याच्या दारातून. बिछायतीचा पहिला नियम बाबांनी मला सातव्या वर्षी शिकवला होता: प्रत्येक ताणाच्या दोरीला पांढरी चिंधी बांधायची, म्हणजे संधिप्रकाशात ती डोळ्याला दिसते. माझ्या चिंध्या सुटून मैदानात पडल्या होत्या. मी बघितलं. आता बांधायला हव्यात, असं मनात म्हटलंही. पण त्यासाठी प्रत्येक तंबूसमोर जाऊन, माणसांना उठवून, बोलावं लागलं असतं. जेवण झाल्यावर बांधू, असं मी ठरवलं.

दिवेलागणीला साहेबरावकाका माणसं मोजायला निघाले. अकराव्या आणि बाराव्या तंबूच्या मधे ते पडले. मी दहा पावलांवर होते. त्यांचा उजवा पाय दोरीत अडकला, घोटा मुरगळला आणि अंगठ्याचं नख अर्धं उचललं गेलं. लोक धावले. काका खाली बसले, शिट्टी मुठीत धरून.

"काई नाई झालं," ते म्हणाले. एकदा माझ्याकडे बघितलं. "मोजनी राहिली. कोनी तरी मोजा."

मी चिंध्या बांधल्या. वीसही तंबूंना, प्रत्येक दोरीला, बॅटरीच्या उजेडात. आता त्यांचा काय उपयोग, असं कोणी म्हणालं नाही. सगळ्यांना दिसत होतं.

सकाळी दोन शिट्ट्या वाजल्या आणि काका लंगडत पुढे निघाले. चाचांनी गाडीत बसायला सांगितलं तर म्हणाले, "चालाचं म्हणूनच निंघालो ना." मला ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. मी गाडीत पुढच्या सीटवर बसून आरशात त्यांना लहान होत जाताना बघत होते. नारळ गेला, हे मला पुरतं कळलं होतं. बाबांना फोनवर काय सांगायचं ते वाक्य मी पारसपर्यंत जुळवत होते.

पारस हा शेवटचा मुक्काम. इथे एक नवीन भानगड होती. पारसहून शेगाव सरळ पश्चिमेला नाही, वायव्येला पडतं. डोकं शेगावकडे करावं तर ते उत्तरेकडे झुकतं, आणि उत्तरेला डोकं करून झोपू नये असं मंडळातले सगळे मानतात. पाय उत्तरेला करावेत तर ते शेगावकडे जातात. मंडळी यायला दोन तास होते. मी कागद घेतला, बाण काढले, आणि पहिल्यांदा नकाशात वाऱ्याबरोबर माणसांची श्रद्धाही मांडली. उत्तर सोपं निघालं. डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला. शेगावकडे पाय नाहीत आणि उत्तरेला डोकंही नाही. राहिला वारा. तर ईशान्येच्या बाजूला चाचांची 'छोटा हत्ती' गाडी, सामानाचा टेम्पो आणि आचाऱ्याची ताडपत्री अशी आडवी भिंत केली. चिंध्या संपल्या होत्या, म्हणून माझी पांढरी ओढणी फाडली.

गुंफाबाई आली. कुणालाही न विचारता पहिल्या तंबूत आडवी झाली. पाय हलवून बघितले. बाहेर आली, बोटाला थुंकी लावून वारा बघितला. मग दोरीवरच्या ओढणीच्या तुकड्याला हात लावला.

"आता तंबूले बी ओढनी लागते का वो?"

एवढंच म्हणाली, आणि वळकटी आत टाकली. बाकीच्यांनीही टाकली.

आरती सूर्य मावळताना झाली. साहेबरावकाका दोन नारळ घेऊन उभे राहिले. पहिला आचाऱ्याला, देविदासभाऊंना दिला. दुसरा हातातच ठेवला. उजवा पाय त्यांनी टेकवलेला नव्हता, नुसता लावून ठेवला होता.

"तंबूचं काय कराव?" त्यांनी सगळ्यांना विचारलं.

कोणी तरी मागून म्हणालं, "पोरगी हाय, काका. पुढच्या वर्षी लगन होऊन जाईन. नारळ कोनाले देता?"

"लगन झालं तं नवऱ्याले आनीन पोती भराले," गुंफाबाई म्हणाली. "त्याची काऊन चिंता करून राहिला तू?"

लोक हसले. काका हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते. मला तिथून जायचं होतं. गाडीमागे जाऊन सामान बांधायचं होतं. पण माझं एक वाक्य जुळून तयार होतं, बाबांसाठी केलेलं. तेच मी काकांना म्हणाले.

"काका, अकोल्याला दोरीला चिंधी बांधायची राहिली होती. मला दिसलं होतं. मी बांधली नाही. तुमच्या पायाला लागलं ती माझी चूक."

काकांनी मान हलवली.

"मले मालूम हाय. अठरा वर्षं तुह्या बापाच्या चिंध्या पाह्यल्या मी. तू सांगते का नाई, ते पाहून राहिलो होतो."

आणि त्यांनी नारळ माझ्या हातात दिला.

मी घरी आले, नारळ स्वयंपाकघरातल्या टोपलीत ठेवला आणि झोपले. किती झोपले ते आठवत नाही. उठले तेव्हा घरात इडलीचा वास होता. आई खूश होती. बाबा खूश होते, त्यांनी सकाळीच मूर्तिजापूरच्या माणसाला नकार कळवून टाकला होता. मी चार इडल्या खाल्ल्या. बाबांनी चटणी दोनदा मागून घेतली. पाचवी इडली घेताना मी विचारलं, "आई, नारळ कधी आणलास?"

"तूच तर आणलास. टोपलीत होता."

बाबांचा हात ताटातच थांबला. ते नारळ नेहमी गोदामात, दोरांच्या पेटीत ठेवत. अठरा वर्षांत एकही स्वयंपाकघरात आला नव्हता, त्यामुळे आईला त्याची ओळखच नव्हती. आमच्या घरी नारळ आला की तो किसणीवर जातो. बाबांनी ताट पुढे ओढलं.

"आता खाय," ते म्हणाले. "आन पुढच्या वर्षी खरं सांगून देजो त्याईले."

मी हो म्हणाले. माझं हो म्हणणं कसं असतं ते मी वर लिहिलंच आहे. पुढच्या माघात निघायच्या आदल्या दिवशी मी बाजारातून एक नारळ आणला. तेवढाच गोल, तेवढाच तपकिरी. कोणाला काय कळणार?

कुरूमचं तेच वावर. मी तंबू नीट लावले, दोऱ्यांना चिंध्या बांधल्या, धसकटं उपटली. आरती झाली. साहेबरावकाकांनी आधी देविदासभाऊंचा नारळ घेतला, कानाशी नेला आणि हलवला. खडखड आवाज आला. वर्षभरात नारळातलं पाणी आटतं, खोबरं सुटतं आणि आत गोटा होऊन खुळखुळतो. आदल्या वर्षी बाबांचा नारळ चाचांनी नेऊन दिला होता आणि मी तंबूंपाशीच होते. हे मला तेव्हा, तिथे, साठ माणसांसमोर कळलं.

मग त्यांनी माझा नारळ कानाशी नेला. डुबुक.

काकांनी पुन्हा हलवला. डुबुक, डुबुक. पुढच्या रांगेत बसलेल्या सगळ्यांना ऐकू गेलं. नारळ हातात धरून काका माझ्याकडे बघत राहिले, पारसला बघत होते तसेच. पाऊण मिनिट असेल. मी वाक्य जुळवायला लागले: काका, माझ्याकडून एक गैरसमज झाला, वस्तुतः आमच्या घरी... ते काही जुळेना. आणि माझ्या तोंडून जे निघालं ते मी कधी जुळवलंच नव्हतं.

"काका, मायनं चटनी केली."

मागच्या रांगेतली माणसं पुढे सरकली.

"कशाची वो?" गुंफाबाईने विचारलं.

"त्याच नारळाची. तिले मालूम नवतं. मी बी खाल्ली. हा नवा हाय, काल घेतला."

गुंफाबाईने तोंडातली तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात नेली.

"मीठ बरोबर होतं का?"

"हाव."

"मंग वाया नाई गेला," ती म्हणाली. आणि मग ती हसायला लागली, आणि मग सगळे. "अन पाह्या वो, बोलता येते हिले! आपल्यावानीच बोलते! वर्षभर उगीच पुस्तक वाचून दाखोत होती!"

साहेबरावकाकांनी नारळ दगडावर फोडला. पाणी त्यांच्या हातावरून धसकटांत सांडलं. पहिला तुकडा त्यांनी मला दिला.

"हा अथीच खाऊन टाक," ते म्हणाले. "घरी नेजो नको."

त्यानंतर चार नारळ आले. दोरांच्या पेटीत राहिले, वर्षभर वाळले आणि वेळेवर खडखडले. पेटीवर आईनेच एक चिठ्ठी लावली आहे: 'हा चटणीचा नाही.' काकांच्या अंगठ्याचं नख पुन्हा आलं, पण वाकडं आलं. ते बुटात टोचतं म्हणून काका कधी बूट घालत नाहीत, आणि ते नख दिसलं की मी दोऱ्या पुन्हा एकदा तपासते.

गुंफाबाईला आता चालवत नाही. गेली दोन वर्षं ती आमच्याबरोबर छोट्या हत्तीत पुढच्या सीटवर बसते आणि मी मागे पोत्यांवर. मंडळी येण्याआधी दोन तास आम्ही पोचतो. मी चप्पल काढून टाच मारून जमीन बघते. मग पहिला तंबू नुसता उभा करते, दोऱ्या न बांधता. ती वाकून आत जाते, आडवी होते, पाय लांब करते.

"शेगाव कोणीकडे?" ती आतून विचारते. तिला ते माहीत असतं.

मी मोबाइल न बघता हाताने दाखवते. तिला ते आतून दिसत नाही.

"बरोबर हाय," ती म्हणते. "बांध आता."